परागंदा सरकार कशावर उभे राहते? म्यानमारच्या लोकशाहीवादी चळवळीविषयी एक उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर निवडून आलेल्या ज्या प्रतिनिधींनी सीमाभागातून व परदेशातून ‘राष्ट्रीय एकता सरकार’ चालवायला घेतले, त्याला एकाही मोठ्या देशाने सरकार म्हणून रीतसर मान्यता दिलेली नाही. मग त्याला सरकार म्हणण्यात अर्थ काय, लष्कराचा हात देशाबाहेरही पोहोचत असताना अशी चळवळ टिकते कशी, आणि त्यांच्यापैकी जे भारतात येतात त्यांचे आपल्या कायद्यानुसार काय होते? दिल्लीत निर्वासितांची प्रकरणे चालवण्यात माझ्या वकिलीचा बराच काळ गेला आणि त्यांतील मोठा भाग ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, आलेल्या अशिलांचा होता. त्यामुळे मी हे उत्तर मुख्यतः कागदपत्रांच्या आणि जबान्यांच्या बाजूने देतो आहे. परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकांचे उत्तर कदाचित वेगळे असेल.

मान्यतेचा प्रश्न वर्तमानपत्रांना आवडतो, कारण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येते. मला तो दुय्यम वाटतो. परागंदा झालेल्या सरकारची खरी कसोटी देशाच्या आत लागते. मंडालेतील एखादी शिक्षिका त्या सरकारचे म्हणणे मानून शाळेवर जात नाही, त्यापायी पगार आणि राहते सरकारी घर गमावते आणि तरीही आपला निर्णय बदलत नाही, तोवर त्या सरकारला काहीएक सत्ता आहे. ती शिक्षिका थकून कामावर परतली, तर न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांत खुर्ची असूनही ते सरकार उरत नाही. लष्करालाही हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच त्याच्या दडपशाहीचा मुख्य रोख बाहेर गेलेल्या नेत्यांपेक्षा बाहेरचे आणि आतले यांना जोडणाऱ्या दुव्यांवर, म्हणजे पैसा, बातमी आणि नातेवाईक यांच्यावर असतो.

मंडाले म्हटले की मराठी वाचकाला लोकमान्य आठवतात आणि रत्नागिरी म्हटले की थिबा राजा. पण त्या दोन्ही हद्दपाऱ्या इंग्रजांनी लादलेल्या होत्या. येथे ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते स्वतः निसटून गेलेले विरोधक आहेत, आणि ब्रह्मदेशाच्या इतिहासात त्यांच्या तीन पिढ्या झाल्या आहेत. पहिल्या पिढीचा नायक ऊ नू. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी उलथवून टाकलेले हे पंतप्रधान काही वर्षे स्थानबद्ध राहिले, १९६९ मध्ये देशाबाहेर पडले आणि लंडनमध्ये पत्रकारांसमोर त्यांनी जाहीर केले की देशाचे कायदेशीर पंतप्रधान आजही आपणच आहोत. पुढे थायलंडच्या सीमेवर तळ पडला, कारेन आणि मोन या अल्पसंख्य समाजांच्या सशस्त्र संघटनांशी हातमिळवणी झाली, आणि देश हाती आल्यावर सवलती मिळतील या आशेवर एका परदेशी तेल कंपनीने पैसाही पुरवला. परंतु वांशिक प्रदेशांना फुटून निघण्याचा हक्क मान्य करायचा की नाही यावर मतभेद विकोपाला गेले आणि ऊ नू त्या आघाडीतून बाहेर पडले. नंतर ते भारतात आले, काही वर्षे भोपाळमध्ये राहिले आणि १९८० मध्ये ने विन यांनी माफी जाहीर केल्यावर मायदेशी परतले. त्यांच्या लोकप्रियतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण पैसा बाहेरचा, बंदुका मित्रसंघटनांच्या, आणि रंगूनमधल्या कारकुनाला त्यांच्यासाठी काही करण्याची वाटच नव्हती, अशी त्या चळवळीची अवस्था होती.

दुसरी पिढी १९८८ च्या उठावातून आली. ८ ऑगस्टपासून रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, १८ सप्टेंबरला लष्कराने नव्या नावाने सत्ता हाती घेतली आणि हजारो तरुण थायलंडच्या सीमेकडे, काही जण मणिपूर व मिझोरामकडे निघाले. २७ मे १९९० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने संसद भरवलीच नाही. तेव्हा निसटलेल्या काही प्रतिनिधींनी डिसेंबर १९९० मध्ये सीमेवरील मानेरप्लॉ या कारेन बंडखोरांच्या ठाण्यात सू ची यांचे चुलतभाऊ सेन विन यांच्या नेतृत्वाखाली परागंदा सरकार स्थापले. जानेवारी १९९५ मध्ये मानेरप्लॉ पडले. त्याला लष्कराचे बळ जितके कारणीभूत होते, तितकीच कारेन सैनिकांमधील बौद्ध आणि ख्रिस्ती नेतृत्व यांच्यातील फूट कारणीभूत होती. नंतर हे सरकार अमेरिकेतील एक कार्यालय म्हणून उरले. त्याची निवेदने नीटस असत आणि संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांमागे त्याचे कष्टही होते, पण त्याचा खर्च पाश्चात्त्य देशांच्या अनुदानांवर चाले आणि देशातल्या माणसाकडून ते ना कर घेऊ शकत होते, ना त्याला वेतन देऊ शकत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याने स्वतःच स्वतःचे विसर्जन केले.

त्या पिढीने मागे ठेवलेली खरी मिळकत बातमीच्या क्षेत्रातली आहे. १९९२ मध्ये ओस्लोहून ‘डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा’ हे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि २००७ मध्ये भिक्षू रस्त्यावर उतरले तेव्हा याच केंद्राच्या छुप्या वार्ताहरांनी चित्रित केलेली दृश्ये जगाने पाहिली. मे सॉट या थाई सीमेवरील गावात माजी राजबंद्यांनी २००० मध्ये स्थापलेली राजकीय कैदी साहाय्य संघटना आजही प्रत्येक अटक आणि प्रत्येक मृत्यू नावानिशी नोंदवते. २०२१ नंतरच्या तिच्या नोंदींत सहा हजारांहून अधिक मृत्यू आहेत. दिल्लीचा वाटाही लहान नाही. जॉर्ज फर्नांडिस यांनी कृष्ण मेनन मार्गावरील आपल्या सरकारी बंगल्यात ब्रह्मी विद्यार्थ्यांना थारा दिला होता. मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेल्या या माणसाला भूमिगत राहण्याचा अर्थ आणीबाणीत स्वतः कळला होता, हे येथे विसरून चालणार नाही. १९९० मध्ये खोट्या बॉम्बचा धाक दाखवून थाई विमान कलकत्त्याला आणणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी सो म्यिंट यांनीच पुढे १९९८ मध्ये दिल्लीत ‘मिझिमा’ ही वृत्तसंस्था उभी केली आणि २००३ मध्ये ते अपहरणाच्या खटल्यातून निर्दोष सुटले. त्या कृत्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्याच माणसाने चालवलेली वृत्तसंस्था २०१२ मध्ये यांगूनला परतली, मार्च २०२१ मध्ये लष्कराने तिचा परवाना रद्द केला आणि तिचे पत्रकार पुन्हा परागंदा झाले, ही गोष्ट लष्कर कशाला घाबरते हे पुरेसे सांगून जाते.

तिसऱ्या पिढीचे वेगळेपण समजून घ्यायचे तर सुरुवात नेत्यांपासून करू नये. सत्तापालटानंतर दोन दिवसांतच सरकारी इस्पितळांतील डॉक्टरांनी काम बंद केले. पाठोपाठ शिक्षक, रेल्वे कर्मचारी, बँक कर्मचारी आणि वीज खात्यातील लोक आले. राष्ट्रीय एकता सरकारची घोषणा १६ एप्रिल २०२१ रोजी झाली, म्हणजे सरकारच्या आधी त्याचे बहिष्कारी कर्मचारी तयार होते. हा क्रम मागच्या दोन पिढ्यांना लाभला नव्हता. मे महिन्यापर्यंत सव्वा लाखाच्या आसपास शिक्षक निलंबित झाल्याचे तेथील शिक्षक संघटनेने सांगितले. लोकांनी विजेची बिले भरणे थांबवले आणि सरकारी सोडतीची तिकिटे घेणे सोडले. आता ज्यांनी पगार सोडले त्यांना जगवायचे कसे, हा त्या सरकारपुढचा पहिला प्रश्न होता, आणि माझ्या मते आजही तोच शेवटचा प्रश्न आहे.

त्यासाठी जे मार्ग काढले गेले ते पाहण्यासारखे आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःची सोडत सुरू झाली. तिच्या तिकिटांच्या पैशातील मोठा हिस्सा संपकरी कर्मचाऱ्यांसाठी राखलेला होता. नोव्हेंबरमध्ये बिनव्याजी रोखे विकायला काढले, आणि व्याज मिळणार नाही व मुद्दल परत मिळण्याची हमी कोणी देऊ शकत नाही हे माहीत असूनही परदेशांत राबणाऱ्या ब्रह्मी लोकांनी पहिल्या काही दिवसांतच लाखो डॉलरचे रोखे घेतले. २०२२ मध्ये तर यांगूनमधील इन्या रस्त्यावरचा, लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांच्याशी निगडित असलेला बंगलाच ‘विक्रीला’ काढण्यात आला. शंभर डॉलरला एक हिस्सा, ताबा क्रांतीनंतर. याला थट्टा म्हणावे तर म्हणा, पण लोकांनी ते हिस्से खरेच विकत घेतले. सिंगापूरमधील मोलकरीण, मलेशियातील हॉटेल कामगार आणि बँकॉकजवळच्या मासळी कारखान्यातील मजूर हे या सरकारचे करदाते आहेत. अमेरिकेतील गोठवलेल्या सुमारे एक अब्ज डॉलरच्या ब्रह्मी राखीव निधीला या सरकारला हात लावता आलेला नाही. याउलट मजुरांच्या पगारातले पैसे दर महिन्याला हुंडीवाल्यांच्या हातून आत जातात. ऊ नूंच्या आणि सेन विन यांच्या वेळी नसलेली गोष्ट ती हीच.

म्हणूनच लष्कराची दडपशाही याच वाटेवर पहारे बसवते. कायद्याची साधने त्याने लवकर तयार केली. फेब्रुवारी २०२१ मध्येच दंडसंहितेत ५०५-अ हे नवे कलम घातले, ज्याखाली ‘भीती निर्माण करणारे’ किंवा ‘खोटे’ ठरवलेले कोणतेही बोलणे गुन्हा होऊ शकते, आणि ८ मे रोजी राष्ट्रीय एकता सरकारला दहशतवादी संघटना जाहीर केले. त्यामुळे शंभर डॉलरचा रोखा घेणे किंवा संपकरी शेजाऱ्याला तांदूळ देणे हे दहशतवादाला अर्थसाहाय्य ठरू लागले. मोबाइल पाकिटांची खाती गोठवली जातात. लष्करधार्जिण्या टेलिग्राम वाहिन्यांवर एखाद्या दुकानदाराचे छायाचित्र, पत्ता आणि त्याने केलेली फेसबुकवरील नोंद झळकते आणि त्यानंतर दारात शिपाई येतात, हा क्रम २०२२ पासून इतक्या वेळा घडला आहे की जबानी देणारे लोक त्याचे वर्णन करताना फारसे थांबतही नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या कागदपत्रांत जो कागद सर्वांत जास्त वेळा दिसतो तो घराला सील ठोकल्याच्या नोटिशीचा. ती नोटीस मूळ स्वरूपात क्वचितच हाती येते. बहुधा शेजाऱ्याने चोरून काढलेले छायाचित्र असते: लोखंडी फाटकावर चिकटवलेला एक पांढरा कागद, त्यावर शिक्का, घराचा क्रमांक, वॉर्डाचे नाव आणि ही मालमत्ता सरकारजमा झाल्याचे एक-दोन ओळींचे निवेदन. मालक फरार असतो आणि घरात राहत असतात त्याचे म्हातारे आईवडील, ज्यांना काही मिनिटांत बाहेर पडायला सांगितलेले असते. निर्वासित ठरवण्याच्या मुलाखतीत अधिकारी विचारतात की तुम्हाला स्वतःला धोका कोणता, आणि अशील त्या छायाचित्राकडे बोट दाखवून आईबद्दल बोलू लागतो. वकील म्हणून त्याला पुन्हा पुन्हा मूळ प्रश्नाकडे आणावे लागते, पण त्याचे उत्तर चुकीचे नसते. हवा असलेला माणूस सापडला नाही तर त्याचा बाप, बहीण किंवा लहान मूल ओलीस म्हणून नेण्याची पद्धत कैदी साहाय्य संघटनेने वारंवार नोंदवली आहे. परदेशात गेलेल्याला पकडता येत नसेल तर त्याला गप्प करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरे हत्यार पासपोर्टचे. मार्च २०२२ मध्ये एकता सरकारच्या काही मंत्र्यांचे आणि कार्यकर्त्यांचे नागरिकत्वच रद्द केल्याचे जाहीर झाले. ते जगभर छापून आले, पण ज्यांची नावे कधी छापून येत नाहीत अशा लोकांचे पासपोर्ट वकिलातीच्या खिडकीवर अडवले जातात आणि त्यातून होणारे नुकसान कितीतरी मोठे आहे. नूतनीकरणासाठी परदेशातील कमाईवरचा कर भरल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि पगाराचा चौथा हिस्सा सरकारमान्य बँकेमार्फत, सरकारने ठरवलेल्या दराने मायदेशी पाठवण्याची सक्ती आहे. म्हणजे जो मजूर हुंडीने चळवळीला पैसे पाठवत होता, त्यालाच कायदेशीर राहण्यासाठी लष्कराच्या तिजोरीत भर घालावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा जुना कायदा अमलात आणल्यावर तरुणांचे लोंढे बाहेर पडू लागले आणि पासपोर्टचा हा फास आणखी आवळला गेला.

लंडनमध्ये घडलेला प्रसंग मान्यतेच्या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो. राजदूत क्यॉ झ्वार मिन यांनी सू ची यांच्या सुटकेची मागणी केली होती. ७ एप्रिल २०२१ रोजी त्यांच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनी वकिलातीचे दार आतून बंद करून त्यांना बाहेर ठेवले आणि ती रात्र त्यांनी रस्त्यावर आपल्या गाडीत काढली. ब्रिटिश सरकारने निषेध केला, पण इमारत लष्कराच्या माणसांकडेच राहिली. न्यूयॉर्कमध्ये उलटे घडले. संयुक्त राष्ट्रांतील राजदूत क्यॉ मो टुन यांनी २६ फेब्रुवारी २०२१ रोजी महासभेत लष्कराविरुद्ध भाषण करून तीन बोटे उंचावण्याची निषेधाची खूण केली. लष्कराने त्यांना बडतर्फ केले, पण अधिकारपत्रे तपासणाऱ्या समितीने निर्णय पुढे ढकलण्याचा मार्ग पत्करल्यामुळे ती जागा त्यांच्याकडेच राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना इजा करण्याच्या कटाबद्दल अमेरिकेत दोन ब्रह्मी नागरिकांवर आरोप ठेवले गेले. ही जागा मोलाची आहे, कारण तिच्यामुळे लष्कराला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत देशाच्या नावाने बोलता येत नाही. पण तिच्यामुळे सगाइंगमधल्या संपकरी परिचारिकेच्या घरात तांदूळ येत नाही, आणि प्रश्नकर्त्याने दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालू नयेत असे मला वाटते.

देशात राहिलेल्यांचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. जुलै २०२२ मध्ये माजी खासदार व रॅप गायक फ्यो झेया थॉ आणि १९८८ च्या पिढीतील ‘को जिमी’ यांच्यासह चौघांना फाशी दिल्याचे जाहीर झाले. अनेक दशकांनंतर त्या देशात राजकीय कैद्यांना दिलेली ती फाशी होती. मार्च २०२३ मध्ये नव्या नियमांनुसार नोंदणी केली नाही म्हणून नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी विसर्जित ठरवण्यात आली. निवडणुकीत अडथळा आणल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठेवणारा कायदा करून २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने मतदान घेण्यात आले, आणि ज्या भागांवर लष्कराचा ताबा नाही तेथे ते झालेच नाही.

आता या सरकारच्या उणिवा, कारण अशिलांविषयी सहानुभूती असली तरी डोळे झाकून चालत नाही. मंत्र्यांपैकी काही देशात किंवा सीमाभागात वावरतात, काही वर्षानुवर्षे बाहेर आहेत, आणि बाहेरच्यांची भाषा हळूहळू देणगीदारांच्या अहवालांसारखी होत जाते. या सरकारच्या बाजूने लष्कराशी लढणाऱ्या लोकसंरक्षण दलांपैकी अनेक तुकड्या स्थानिक आहेत आणि त्यांनी केलेल्या खंडणी व हत्यांच्या तक्रारींवर या सरकारची न्यायव्यवस्था सर्वत्र पोहोचत नाही. सर्वांत मोठा प्रश्न मात्र ऊ नूंच्या काळापासून अनुत्तरित राहिलेलाच आहे. बहुसंख्य बामर समाजाचे नेते वांशिक प्रदेशांना नेमका किती अधिकार देणार? ३१ मार्च २०२१ रोजी निर्वाचित प्रतिनिधींच्या समितीने २००८ ची राज्यघटना रद्दबातल ठरवून संघराज्याची सनद जाहीर केली आणि जूनमध्ये रोहिंग्यांच्या नागरिकत्वाविषयी पूर्वीच्या भूमिकेपेक्षा वेगळे निवेदन काढले. सत्तेत असताना सू ची यांच्या पक्षाला ते जमले नव्हते. काचिन समाजातील वकील दुवा लाशी ला हे प्रभारी राष्ट्राध्यक्ष आहेत. असे असले तरी २७ ऑक्टोबर २०२३ पासून शान प्रांतात लष्कराला सर्वांत जबर तडाखा देणारी मोहीम ज्या तीन वांशिक सेनांनी चालवली, त्या एकता सरकारच्या आज्ञेत नव्हत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्यापैकी एकीने जिंकलेले लाशियो शहर एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या दबावाखाली परत द्यावे लागले, तेव्हा एकता सरकारला त्यात बोलण्यास जागा नव्हती. लोकांकडून येणारा पैसा आणि निष्ठा त्याच्याकडे आहे, पण प्रदेश बहुतांशी इतरांकडे आहे. ही विभागणी किती काळ चालेल याबद्दल मी आशावादी नाही.

शेजारी देशांचे वागणे हा या दुव्यातील सर्वांत कच्चा भाग आहे. थायलंड आणि भारत या दोघांनीही १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. मे सॉटमध्ये पोलिसांना दरमहा पैसे देऊन अटक टाळणे ही अघोषित व्यवस्थाच झालेली आहे. भारताच्या धोरणाने तर १९८८ पासून कितीदा कूस बदलली. सुरुवातीला आकाशवाणीच्या ब्रह्मी सेवेवरून लष्करावर कडक टीका होत असे आणि तेथे ऊ नूंची कन्याही काम करीत होती. १९९३ च्या सुमारास ईशान्येतील बंडखोर आणि चीनचा वाढता प्रभाव यांच्या काळजीने दिल्लीने लष्कराशी जुळवून घेतले. मिझोरामने मात्र २०२१ मध्ये वेगळा मार्ग धरला. केंद्रीय गृह मंत्रालयाने १० मार्चला सीमेवरील राज्यांना कळवले की कोणालाही निर्वासित दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही आणि येणाऱ्यांना रोखावे. मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून असे करणे शक्य नसल्याचे कळवले. म्यानमारच्या सीमेवरील चिन प्रांतातून येणारे चिन लोक हे मिझोंचे रक्ताचे नातलग आहेत, हे त्याचे उघड कारण. मला त्यात आणखी एक धागा दिसतो. झोरामथंगा हे स्वतः मिझो नॅशनल फ्रंटचे भूमिगत कार्यकर्ते म्हणून पूर्व पाकिस्तानात आणि पुढे पाकिस्तानात राहिलेले, १९८६ च्या करारानंतर परतलेले गृहस्थ आहेत. चिन प्रांताचे मुख्यमंत्री सलाइ लियान लुआइ यांनी तियाउ नदी ओलांडून मिझोराम गाठले तेव्हा त्यांना आश्रय देणारा मुख्यमंत्रीही कधीकाळी तशाच नद्या ओलांडून गेलेला होता. तेथील तीस हजारांहून अधिक निर्वासितांच्या अन्नाचा भार सुरुवातीला सरकारपेक्षा चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनने उचलला.

कायद्याविषयी आता नेमके सांगतो. भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. विनापरवाना आलेला परकीय हा कायद्याच्या लेखी फक्त बेकायदा परकीय असतो. संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाचे दिल्लीतील कार्यालय कार्ड देते, त्याचा उपयोग पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात होतो, पण ते कार्ड म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. न्यायालयांनी या पोकळीत थोडी जागा केली आहे. १९९२ मध्ये अंदमानातील २१ ब्रह्मी निर्वासितांची पाठवणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. ३ मे २०२१ रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने मिझिमाच्या पत्रकारांसह सात ब्रह्मी नागरिकांना दिल्लीपर्यंत सुरक्षित जाऊ देण्याचा आदेश दिला आणि जिवाला धोका असलेल्या ठिकाणी परत न पाठवण्याचे तत्त्व राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातून निघते असे म्हटले. परंतु त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ८ एप्रिल रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात विहित कार्यपद्धती पाळून पाठवणी करण्यास आडकाठी केली नव्हती. त्यामुळे उच्च न्यायालयाचा निकाल हाती असला तरी त्याच्या भरवशावर अशिलाला निश्चिंत राहायला सांगणे योग्य होणार नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. त्याखाली निघालेल्या सवलतीच्या आदेशात तिबेटी, ९ जानेवारी २०१५ पूर्वी आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ आणि तीन शेजारी देशांतील सहा अल्पसंख्य समाज यांचा समावेश आहे, पण ब्रह्मदेशातून आलेल्यांचा नाही. म्हणजे आयझॉलमध्ये राहणारा चिन शिक्षक आज कायद्याच्या कोणत्याही सवलतीत बसत नाही आणि राज्य सरकारच्या मर्जीवर राहतो. २०२५ च्या पावसाळ्यात मिझोराममध्ये या निर्वासितांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्यांच्या नोंदी घेण्यास सुरुवात झाली. आश्रयाची काही नोंद असणे वाईट नाही, कारण तीच उद्या शाळाप्रवेशाला आणि इस्पितळाला उपयोगी पडेल. पण ज्यांची घरे सील होण्यासाठी टेलिग्रामवरचा एक पत्ता पुरला, त्यांची गावानिशी तयार झालेली यादी कोणत्या खात्याच्या ताब्यात राहणार, म्यानमारची राजधानी नेपिडॉशी चालणाऱ्या सुरक्षाविषयक देवाणघेवाणीत ती जाणार नाही याची हमी कोण देणार आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी अर्ज कोठे करायचा, ही तीन उत्तरे लेखी मिळवणे आवश्यक आहे. तेथे काम करणाऱ्या वकिलांनी आणि संस्थांनी ती माहिती अधिकाराखाली मागावीत, आणि ती नाकारली गेल्यास गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या आयझॉल खंडपीठापुढे जावे.